नऊ माणसं, नऊ जॅकेटं

रविवार, २७ ऑक्टोबर

बोटीला शिक्का मिळाला. शिंगीचे बाबा, माझे यजमान, गेले त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून ती धक्क्याला नुसती वाळत पडली होती. काल मुकारो साहेब स्वतः तपासायला आले. शिट्टी वाजवून पाहिली, बादली पाहिली, आग विझवायचं नळकांडं हलवून पाहिलं आणि मग लाइफ जॅकेटं मोजली. दहा भरली. त्यांच्या कागदावर एवढंच विचारलेलं असतं, माणसं किती आणि जॅकेटं किती. सही करता करता म्हणाले, "हाताला लागतील अशी ठेवा, मेट्रन. कागदावर फक्त मोजणी असते."

मी हो म्हटलं, पण मनात हसले. एकतीस वर्षं मी मुलींचं वसतिगृह चालवलं. दोनशे मुलींच्या चादरी, बश्या, बूट, कुठली वस्तू कुठे आहे हे मी झोपेतही सांगितलं असतं. मुकारो साहेबांची स्वतःची धाकटी बहीण माझ्याकडे होती.

आज प्रार्थनेनंतर महिला संघात जाहीर करून टाकलं. नऊ तारखेला एस्नातचा साठावा वाढदिवस. तो आपण सरोवरावर साजरा करायचा, आठ बायका, संघाच्या पोशाखात, लाल ब्लाउज नि पांढरी टोपी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एस्नात खाली बघत होती. लाजली असेल.

बुधवार, ३० ऑक्टोबर

दिवसभर वीज नाही. डोंगरामागे एवढं धरण आणि आम्ही चुलीवर मक्याच्या पिठाचा साद्झा ढवळतोय. पाणी इतकं खाली गेलंय की धक्क्याच्या शिडीला मुदिंबाने आणखी चार पायऱ्या ठोकल्या. बुडालेल्या झाडांचे शेंडे सगळीकडे वर आलेत. जे दिसत नाहीत तेच वाईट, असं मुदिंबा म्हणाला. शिंगीच्या बाबांच्या वेळेपासून बोट तोच चालवतो. पाण्याची नस त्याला कळते, पण बोलतो फार.

एस्नात संध्याकाळी कुंपणापाशी आली होती. तिला पोहता येत नाही, म्हणून ती काठावरच बसून जेवण बघेल म्हणे. मी म्हटलं, वाढदिवस तुझा आणि तू काठावर? मला तरी कुठे पोहता येतं? मग गप्प झाली. एकदा नीट समजावलं की तिला पटतं. पूर्वी ती माझ्या हाताखाली वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात होती, पण आमच्यात वरिष्ठ-कनिष्ठ असं कधी नव्हतं. तीस वर्षांत एकदाही भांडण नाही. असं किती मैत्रिणींना सांगता येईल?

शनिवार, २ नोव्हेंबर

माकडांनी बोटीवर धाड घातली. एक जॅकेट धक्क्यावर फाडून टाकलेलं सापडलं, आतला फोम सगळीकडे पसरलेला. उरली नऊ. आठ बायका आणि मुदिंबा मिळून नऊच होतात, म्हणजे नियमात बसतं. बोटीतल्या बाकाच्या पेटीत सगळी नीट घडी करून भरली आणि पेटीला कुलूप घातलं. किल्ली माझ्या जुडग्यात.

मुदिंबा म्हणाला, पाण्यावर कुलूप बरं नाही. मी विचारलं, माकडं तू राखणार आहेस का? तो दोर गुंडाळत राहिला.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

दोन कोंबड्या कापल्या. भात, कोबी, संत्र्याचं सरबत. उकाडा असा की टोपीची इस्त्री टिकत नाही. उद्या धक्क्यावर सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा आणि तो संघाच्या कचेरीत लावायचा.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

काल एस्नातला पुरलं.

जसं झालं तसं लिहिते. अकराच्या सुमारास आम्ही निघालो. बायका गात होत्या. बेटाच्या पलीकडे गेलो आणि वारा सुटला. तिकडे तो असाच सुटतो, आधी काही कळत नाही. मुदिंबाने बोट वळवली तेवढ्यात खालून खुंट लागला. बोटीला तरंगत ठेवणारी एका बाजूची हवेची टाकी फाटली. बोट कलली, सगळ्या बायका एकाच बाजूला घसरल्या आणि पुढच्या लाटेने ती पालथी झाली. सहा जणी आणि मी कठड्याला धरून होतो. मुदिंबा पोहत पोहत एकेकीला आणत होता. एस्नात पलीकडच्या बाजूला पडली होती. तिची पांढरी टोपी मला दिसली. मी हाक मारली. पुढच्या वेळी बघितलं तेव्हा नुसतं पाणी होतं.

चाळीस मिनिटांनी मासेमारांची होडी आली. एस्नात त्यांनाच सापडली, फार लांब नव्हती.

बोटीवर नऊ जॅकेटं होती. नऊ माणसं, नऊ जॅकेटं. मी हे सगळ्यांना सांगते आहे. कुणी विचारलं नसलं तरी सांगते.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

जबानी. आधी मुदिंबाला आत बोलावलं. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, निघताना सगळ्यांना जॅकेटं दिली होती, उकडत होतं म्हणून बायकांनी ती काढून ठेवली. शब्दही न चाचरता म्हणाला.

मग मी आत गेले. मुकारो साहेबांनी विचारलं, "मुदिंबा म्हणतो तसंच झालं?" मी हो म्हणाले. त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. कुठे सही करायची ते मला दाखवावं लागलं नाही.

बाहेर आल्यावर ते म्हणाले की कागदपत्रात काही दोष नाही. मी घरापर्यंत चालत आले. वाटेत चौघांनी थांबून हात हातात घेतला, मेट्रन, तुम्ही स्वतः वाचलात हीच देवाची कृपा.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

एस्नातचे यजमान आले होते, मुलीच्या नावावरून सगळे बाबा कुंदाई म्हणतात ते. वीजकेंद्रात होते, तेव्हापासून मोजकंच बोलतात. सुतकाच्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा आमचं बोलणं झालं नव्हतं. चहा दिला, तो निवला तरी प्याले नाहीत. मग विचारलं, निघताना ती काही म्हणाली का?

मी म्हटलं, आनंदात होती, गात होती. सर्वांत वरचा सूर तिचाच.

ते म्हणाले, हो, तिला तो सूर लागायचा. आणि उठून गेले.

रविवार, २४ नोव्हेंबर

प्रार्थनेत पाळकांनी माझं नाव घेऊन देवाचे आभार मानले. मला घाम फुटला. बाहेर बायका उकाड्याबद्दल बोलत होत्या.

दुपारी बाबा कुंदाई पुन्हा आले, परसातले टोमॅटो घेऊन. पुन्हा तेच, निघताना ती काही म्हणाली का? मी पुन्हा तेच सांगितलं. बिचारे विसरले असतील. या वयात असा घाव बसला की माणसाचं भान सुटतं. जाताना फाटकाशी बराच वेळ उभे होते. मला वाटलं त्यांना चक्कर आली, म्हणून मी बाहेर गेले, तर म्हणाले, काही नाही, तुमचं काही राहिलंय का बघत होतो.

माझं काय राहणार?

टोमॅटो खाल्ले नाहीत. शेजारी देऊन टाकले.

रविवार, १ डिसेंबर

आज प्रार्थनेला गेले नाही. मुदिंबाला शोधत मासेमारांच्या वस्तीवर गेले. त्या दिवसापासून तो माझ्याकडे फिरकलेला नाही. सुके कापेंता मासे पोत्यात भरत होता. मी त्याला एवढंच विचारलं की तू असं का सांगितलंस.

तो म्हणाला, "माझी मुलगी तुमच्याकडे राहून शिकली. तिच्याकडे गादी नव्हती तेव्हा तुम्ही तुमची दिली." मग पोतं शिवत म्हणाला, "एकदा सांगितलं ते सांगितलं, मेट्रन. त्या म्हाताऱ्यासमोर पुन्हा सांगायला लावू नका."

मी घाबरून विचारलं, बाबा कुंदाई इथे आले होते का? आले होते म्हणे. काही विचारलं नाही. थोडे मासे घेतले, बोटीचा तो कुलपाचा कोयंडा निघालेला बाक वाळूत पडलाय त्यावर बसले आणि गेले.

म्हणजे त्यांना काही संशय नाही. येताना जरा बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत तेही गेलं.

रविवार, ८ डिसेंबर

संघाची बैठक. एकवीस तारखेला एस्नातच्या आठवणीची प्रार्थना आहे. त्या दिवशी बोटीवर असलेल्या सहाही जणी होत्या, पण एकीनेही माझ्याकडे सरळ पाहिलं नाही. आधी वाटलं, त्या मला दोष देतात. मग लक्षात आलं की त्या एकमेकींकडेही बघत नव्हत्या. त्या दिवशी धक्क्यावर सगळ्याच हसल्या होत्या.

ठराव झाला की एस्नातबद्दल माई शिंगीने, म्हणजे मी, बोलावं. तिला सर्वांत जवळून मीच ओळखत होते म्हणून.

बुधवार, ११ डिसेंबर

तीन वेळा भाषण लिहायला बसले. तीनदा कागद फाडला. आता जे खरं आहे ते इथे लिहिते. इथेही लिहिता आलं नाही तर कुठेच येणार नाही.

त्या सकाळी धक्क्यावर मी पेटी उघडली, जॅकेटं आहेत हे सगळ्यांना दाखवायला. एस्नातने लगेच एक उचललं आणि अंगात घातलं. त्याचा पट्टा उलटा बसला होता तरी तिने तो ओढून ओढून लावला. फोटोसाठी बायका रांगेत उभ्या राहिल्या आणि लाल ब्लाउजांच्या मधे ही नारिंगी. मी म्हटलं, "काढ ते. रस्ता खणायला आल्यासारखी दिसतेस." सगळ्या हसल्या. तीही हसली. फोनवर कुणाशी तरी बोलत होती, तो खाली ठेवला आणि जॅकेट काढलं.

फोटो झाल्यावर ती म्हणाली, आता देता का? मी तोवर सगळी पेटीत भरून कुलूप लावलं होतं आणि वर जेवणाचे डबे ठेवले होते. पाण्यात गेल्यावर देते म्हटलं.

पाण्यात गेल्यावर तिने पुन्हा मागितलं. हळूच, माझ्या शेजारी सरकून, कुणाला ऐकू जाणार नाही असं. मी वसतिगृहातल्या आवाजात म्हणाले, "तू काय पहिलीतली पोर आहेस का?" ती जागेवर जाऊन बसली. दोन्ही हातांनी बाक धरून बसली होती. गात होती हे खरं आहे. मी सगळ्यांना गायला सांगितलं होतं.

ती बुडाली तेव्हा पेटी बोटीखाली होती आणि किल्ल्या माझ्या कमरेला. पाण्यात त्यांचं वजन मला जाणवत होतं. मी कुणालाच सांगितलं नाही की जॅकेटं खाली कुलपात आहेत. मुदिंबाला ठाऊक होतं. तो दोनदा बुडी मारून खाली गेला आणि रिकाम्या हाताने वर आला. माझ्याकडे त्याने किल्ली मागितली नाही. मागितली असती तर देता आली असती का, हात सुटला असता का, मला माहीत नाही. तो मागत नाही याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं. हेही लिहिते.

शुक्रवार, १३ डिसेंबर

सकाळीच बाबा कुंदाईंकडे गेले. ते आंब्याखाली बसून सुपात चवळी निवडत होते. बसा म्हणाले, मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, फोटोचं, कुलपाचं, बोटीवर तिने दुसऱ्यांदा मागितलं त्याचं आणि मी काय बोलले त्याचं. मधे थांबले असते तर पुढचं आलं नसतं.

ते चवळी निवडतच राहिले. मग म्हणाले, "बसा, माई शिंगी. पहिलं मला ठाऊक आहे. फोनवर मी होतो."

तुमचा आवाज मोठा आहे, म्हणाले. काढ ते, रस्ता खणायला आल्यासारखी, बायकांचं हसणं, सगळं त्यांना ऐकू आलं होतं. मग एस्नातने फोनमध्ये कुजबुजत विचारलं, काय करू?

"मी तिला म्हणालो, मेट्रन सांगतात तसं कर. चारचौघांत वाद घालू नकोस." सूप त्यांनी खाली ठेवलं. "तीन आठवडे तुमच्या दारात येतोय. तुम्ही बोललात तर मलाही बोलता येईल असं वाटत होतं. बोटीवर तिने पुन्हा मागितलं, हे मात्र मला माहीत नव्हतं."

मग ते रडले. पुरताना रडले नव्हते. मी जवळ गेले नाही. तो हक्क मला नव्हता. उरलेली चवळी मी निवडून पूर्ण केली आणि सूप त्यांच्याजवळ ठेवलं.

निघताना म्हणाले, कुंदाईला सांगायला हवं. माझं मी सांगीन, तुमचं तुम्ही सांगा. कुंदाई त्यांची एकुलती मुलगी, दूर गॅबोरोन शहरात असते. प्रार्थनेसाठी येते आहे.

सोमवार, १६ डिसेंबर

आधी मुदिंबाकडे गेले. त्याला सांगितलं की मी खरं सांगायला निघाले आहे, त्यात तुझी जबानी खोटी ठरेल. त्याने धुतलेला शर्ट घातला आणि माझ्याबरोबर आला. वाटेत मी म्हटलं, मीच तुला तसं सांगायला लावलं असं म्हणते. तो म्हणाला, नको, एक खोटं पुरे झालं.

मुकारो साहेबांनी दोन तास लिहून घेतलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते फक्त विचारत गेले, कुलूप कधी लावलं, किल्ली कुणाकडे, डबे कुठे. त्यांना त्यांचं 'हाताला लागतील अशी ठेवा' हे वाक्य आठवत होतं की नाही कळलं नाही. मला आठवत होतं, म्हणून तेही जबानीत घालायला लावलं. बोटीचा शिक्का रद्द झाला. माझं प्रकरण दंडाधिकाऱ्यांकडे जाईल. मुदिंबाचा बोट चालवायचा परवाना त्यांनी काढून घेतला, सहा महिन्यांसाठी. त्याने तो खिशातून काढून दिला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून जपलेला. माझ्यासाठी बोलला आणि पोट त्याचंच मारलं गेलं. मी काही बोलायला गेले तर म्हणाला, भावाकडे जाळी दुरुस्त करीन.

शेवटी साहेबांनी तपासणीचा कोरा कागद घेतला आणि जॅकेटांच्या मोजणीखाली स्वतःच्या पेनाने एक ओळ लिहिली. अंगात आहेत का, नसतील तर का नाहीत. वरून मंजुरी येईल का माहीत नाही, म्हणाले, पण मी विचारणार.

शनिवार, २१ डिसेंबर

प्रार्थना झाली. मी बोलले. कागद नव्हता. तिच्याबद्दलचं भाषण ऐकायला लोक बसले होते आणि मी जॅकेटाचं सांगत होते. मागच्या बाकांवर कुजबुज झाली, पुढच्यांवर नाही. आमच्या सहा जणींपैकी एक उठून बाहेर गेली. बाकीच्या पाच बसून होत्या. पाळकांनी नंतर माझा हात धरला नाही. पुढच्या महिन्यापासून संघाचं काम दुसरी कुणी बघेल, असं मला कळवण्यात आलं. बरोबर आहे.

कुंदाई पहिल्या रांगेत होती. तिच्या वडिलांनी काल रात्रीच तिला स्वतःचं सांगितलं होतं. मी बोलत असताना तिने नजर हलवली नाही.

जेवणं झाल्यावर मी भांडी घासायला बसले. कुणी मला ती घासू नका म्हणालं नाही. कुंदाई येऊन समोर उभी राहिली. मी राख लागलेले हात मांडीवर ठेवले. मला वाटलं ती शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या.

तिने विचारलं, "माझी आई तुम्हाला घाबरायची, मेट्रन. तीस वर्षं. तुम्हाला ठाऊक होतं?"

मी इथे तीस वर्षांत एकदाही भांडण नाही असं लिहिलं आहे. ते वाक्य खोडायला नको, तसंच राहू दे.

मी तिला हो म्हणाले. ठाऊक होतं, आणि मला ते आवडायचं.

ती खाली वाकली. मग आईचं पातेलं माझ्या पुढ्यातून उचलून घेऊन गेली.